पाच गोळ्या कुठे पडल्या?

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना चौकटी असतात, दारे नसतात, ही गोष्ट आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. रात्री कुत्रे आत शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावायची, एवढाच आमचा बंदोबस्त. अशा या गावात माझे वडील १९८७ साली फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन परत आले. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. नोकरीची शेवटची काही वर्षे आबांनी कंपनीचे कोत सांभाळले होते. कोत म्हणजे रायफली ठेवायची खोली. तिथे रायफली रॅकमध्ये साखळीने बांधलेल्या, दाराला कुलूप, चावीची नोंद रजिस्टरमध्ये. झोपेत कोणी हलवले तरी चावी कुठे आहे हे सांगता आले पाहिजे, अशी ती नोकरी. तो माणूस एकाएकी बिनदाराच्या घरात येऊन झोपू लागला. आई सांगते, पहिले सहा महिने आबा रात्री दोनदा उठायचे आणि कमरेला हात लावून चावी चाचपून बघायचे.

आबा १९६६ साली भरती झाले. महार रेजिमेंट, ट्रेनिंग मध्य प्रदेशातल्या सागरला. वाचकांना हा इतिहास मी काय सांगणार? बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. पण १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रजांनी आपल्या लोकांची भरतीच बंद करून टाकली. म्हणे ही लढवय्यी जात नव्हे! पुढे महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आबांच्या बिल्ल्यावर दोन मशीनगनी होत्या. तो बिल्ला आईने अजून तांदळाच्या डब्यात जपून ठेवला आहे. डब्यातच का, ते तिलाच माहीत.

आबांच्या हातात आयुष्यभर राहिली ती मात्र एस.एल.आर. रायफल. १९६२ च्या चीनच्या युद्धात आपल्या जवानांकडे जुनी थ्री-नॉट-थ्री होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागे. त्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यात ही नवी रायफल तयार होऊ लागली. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी जाते, आणि त्याच गोळीच्या धुरातला थोडा गॅस मागे येऊन रिकामे केस बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आत भरतो. मॅगझिनमध्ये २० गोळ्या, वजन साडेचार किलोच्या आसपास. पुढे फौजेत इन्सास आली. तरी बंदोबस्ताच्या पोलिसांच्या खांद्यावर एस.एल.आर. अजून दिसते. शनी अमावस्येच्या गर्दीत तसा पोलीस दिसला की आबा हमखास थांबत. चेहऱ्याकडे न बघता नळीच्या टोकाकडे बघत आणि घरी येऊन सांगत, "गंज चढलाय."

आता माझी गोष्ट. १९९८ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि एन.सी.सी.त होतो. शिबिरात एके दिवशी आम्हाला एस.एल.आर.वर फायर दिला. शंभर मीटरवर चार फुटी पडदा आणि त्याच्या मधोमध फूटभर चौरस कागद. पाच-पाच गोळ्या. हवालदाराचा मुलगा म्हणून माझ्याकडे सगळ्यांचे लक्ष. मी पाच गोळ्या झाडल्या. कागदावर एकही नाही. खंदकातून लाल झेंडी हलली. याला तिथे वॉशआउट म्हणतात. टीमच्या यादीतून माझे नाव गेले. ते ठीक होते, पण शिबिरातले एक साहेब सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "इथं सवलतीचे मार्क मिळत नाहीत बरं का." पोरे हसली. त्यांत माझ्याबरोबर डबा खाणारीही होती.

घरी येऊन मी कोपऱ्यात पडून राहिलो. शेजारच्या मावशींना आईकडून कळले. त्या मायेच्या बाई. म्हणाल्या, "साडेसाती चाललीय पोराची. शनवारी चौथऱ्यावर तेल वाहा, सरळ होईल सगळं." गावातल्या कोणाच्या श्रद्धेवर मला बोट ठेवायचे नाही. साऱ्या गावाची भाकर त्या तेलावर आहे, फुला-नारळाच्या दुकानांवर आहे. पण आमची आई, जिने धम्म घेतलेल्या घरात जन्म काढला, तीसुद्धा त्या दिवशी तेलाच्या बाटलीकडे बघत होती. पोराचे तोंड उतरले की आईचे सगळे तर्कशास्त्र चुलीत जाते.

आबा संध्याकाळी रानातून आले. त्यांनी ना साहेबाची चौकशी केली, ना साडेसातीची. पाय धुतले आणि विचारले, "गोळ्या एका जागी पडल्या का इस्कटल्या?"

मी म्हणालो, "कागदावर एकबी नाही."

"कागदाचं नाही इचारलं. पडद्यावर कुठं पडल्या?"

मला ठाऊक नव्हते. कोणी पाहिलेच नव्हते. कागद कोरा म्हटल्यावर पडदा कोण बघतो?

"मंग तुला काय कळलंच नाही," आबा म्हणाले. "पाची जर तळहातात मावतील अशा एका जागी पडल्या, तर तुझा हात चांगला हाय, रायफलीची साइट चुकलीय. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या असतील, तर साइटीला हात लावायचा नाही, तुझा हात शिकवायचा. आधी दोष कुणाचा ते बघावं, मंग बोलावं."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. साहेबांनी दोष कोणाचा ते आधीच ठरवले होते. मावशींनी ग्रहावर ढकलले होते. मी स्वतःवर घेतला होता. पडदा मात्र तिघांनीही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी माझा हात शिकवायला घेतला. रायफल कुठून आणणार? त्यांनी बाभळीच्या लाकडाची एक केली. वजन भरावे म्हणून वाळूची पिशवी बांधली, पुढे खिळा ठोकला आणि मागे डब्याच्या पत्र्याला बारीक भोक पाडून बसवले. एस.एल.आर.ची मागची साइट अशीच भोकाची असते. ही लाकडी रायफल दोन पोत्यांवर पक्की ठेवायची आणि हात न लावता मी नुसते भोकातून पाहायचे. भिंतीवरच्या कागदाजवळ माझी धाकटी बहीण उभी. तिच्या हातात मधोमध भोक असलेली पुठ्ठ्याची चकती. मी "वर, डावीकडं, बास" म्हणेन तशी तिने चकती सरकवायची आणि जमले की पेन्सिलीने ठिपका द्यायचा. मग चकती काढून पुन्हा पहिल्यापासून. असे तीन ठिपके. ते जोडले की त्रिकोण होतो. माझा पहिला त्रिकोण पापडाएवढा होता. बहीण हसून लोळली. पंधरा दिवसांनी तो चिंचोक्याएवढा झाला.

त्रिकोण मोठा का येतो, तेही आबांनीच सांगितले. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट बघतो. नवा माणूस टार्गेटकडे बघतो आणि पुढच्या साइटचे टोक पुसट होते. बघायचे ते टोकाकडे. टार्गेट धुरकट दिसले तरी चालेल. फौजेच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. आपल्या मराठीत शिस्त म्हणजे काय हे प्रत्येकाने शाळेत छड्या खाऊन शिकलेले आहे. आणि आपला 'नेम' तरी काय, बंदुकीचाही असतो आणि रोज पहाटे उठण्याचाही. भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात का ठेवले, ते मला त्या पंधरा दिवसांत समजले.

मग ट्रिगर. लाकडी नळीच्या टोकावर आबा रुपयाचे नाणे ठेवायचे. श्वास घेऊन अर्धा सोडायचा, थांबायचे आणि बोटाचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. नाणे पडले की पुन्हा. गोळी कधी सुटली हे आपल्यालाही आधी कळू नये, असा तो दाब असतो. "आता सुटंल म्हनून जो आंग चोरतो त्याची गोळी खाली जाते," असे ते म्हणत.

त्याच सुमारास शनी अमावस्येला गर्दी जमली होती. रस्त्याकडेला फुगे फोडायच्या बंदुकीवाला बसला होता. आबांनी मला हात धरून नेले. पाच रुपये दिले, बंदूक घेतली, पण फुग्यावर नेम धरलाच नाही. फळीवर एक खिळा होता, त्याच खिळ्यावर तीन छर्रे मारले. तिन्ही छर्रे खिळ्याच्या उजवीकडे वीतभर अंतरावर लागून बसले. आबा मला म्हणाले, "बघ, ही उजवीकडं खाती." मग प्रत्येक फुग्याच्या डावीकडे वीतभर नेम धरून त्यांनी ओळीने सहा फुगे फोडले. सातव्याला बंदूकवाल्याने हात जोडले, "बाबा, आता पुरे करा, धंद्याचा टाइम आहे." तेव्हा आबांनी त्याला साइट कशी ठोकून सरळ करायची ते सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण केले नसावे. बंदूक सरळ झाली तर त्याचे पोट कसे भरणार?

रायफलीच्या देखभालीबद्दल आबा जेव्हा बोलत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. म्हशीबद्दल बोलतानाही तसाच बदलायचा. नळी साफ करायला एक दोरी असते, तिला फौजेत फुलथ्रू म्हणतात. एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाच्या फाशात कापडाची चिंदी. वजन गोळी भरण्याच्या बाजूने सोडायचे, नळीच्या तोंडातून बाहेर काढायचे आणि दोरी एकदम सरळ ओढायची. तिरकी ओढली की दोरी नळीच्या काठावर घासते. वर्षानुवर्षे घासून तो काठ एका बाजूने झिजतो. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो त्याच काठाला. तिथेच धक्का लागला तर पुढे शंभर मीटरवर तिचे काय होणार? बाहेरून पाहिले तर रायफल अगदी चकाचक दिसते. झीज कळते ती जाणत्यालाच.

तेलाबद्दल त्यांचे मत कडक होते. ठेवताना नळीत तेलाचा हलका हात पाहिजे, नाहीतर गंज चढतो. पण फायरच्या आधी नळी कोरडी करायची. तेलकट नळीतली पहिली गोळी बाकीच्यांना सोडून भलतीकडे जाते. गॅसच्या भागात तेल राहिले तर ते जळून काजळी धरते आणि पिस्टन अडखळायला लागतो. फायर झाल्यावर एकदा साफ करून भागत नाही, तीन दिवस रोज करायची. नळीचा घाम पुन्हा पुन्हा येतो, असे ते म्हणत. एकदा मावशी आमच्याकडे बसल्या असताना आबा हे सांगत होते. "तेल थेंबभर," आबा म्हणाले, "लोखंड असो नाहीतर दगड, बादलीभर वतून काय सरळ होत नसतं." मावशी हसल्या, रागावल्या नाहीत. शनिवारी मात्र त्या नेहमीप्रमाणे तेल घेऊन गेल्या.

गॅसची कळ हा आबांचा आवडीचा विषय. गॅस कमी मागे आला तर रिकामे केस अडकते. जास्त आला तर भाग आपटतात, धक्का जोराचा बसतो आणि रायफल लवकर खिळखिळी होते. म्हणून काम चालेल इतकाच आणि वर थोडा शिलकीला ठेवायचा. आणखी एक खोड मला त्यांनी मातीत चित्र काढून समजावली. ही रायफल सफाईसाठी मधोमध मोडून उघडते. पुढची साइट नळीवर असते आणि मागची साइट उघडणाऱ्या मागच्या भागावर. मधला खटका झिजून सैल झाला की दोन साइटींचे नाते बिघडते. मग तुम्ही कितीही शिस्त घ्या, आज गोळी इथे, उद्या तिथे. अशी रायफल साइट फिरवून दुरुस्त होत नाही, ती आर्मररकडे द्यावी लागते. एका रायफलीचे भाग दुसरीला लावायचे नाहीत, नळी तापली की थांबायचे, गोळ्या एकाच लॉटच्या घ्यायच्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

कोणी वाचक विचारील, पंचशील घेणाऱ्या घरात हे काय चालले होते? मीही आबांना विचारले होते. ते म्हणाले, "नोकरीत मी गोळीपेक्षा चिंदीलाच जास्त हात लावला." एवढेच. त्यांच्या उजव्या कानाला ऐकू येत नसे. त्या काळी फायरच्या वेळी कानात कापूस घातला तर घातला. त्या कानाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण वंदनेच्या वेळी ते नेहमी डावी बाजू पुढे करून बसत.

१९९९ च्या शिबिरात पुन्हा एस.एल.आर. आली. तेच साहेब नव्हते, दुसरे होते. रायफल हातात आल्यावर मी तिचा बट नंबर हातावर लिहिला. पाच गोळ्या झाडल्या. पुन्हा लाल झेंडी. पुन्हा वॉशआउट. पाठीमागे कोणीतरी हसले. पण या वेळी मी उठलो नाही. फायर थांबेपर्यंत पडून राहिलो, मग उठून उस्ताद हवालदारांना म्हणालो, "साहेब, पडदा बघू द्या." ते कुठले तरी राजस्थानकडचे होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "बाप फौज में है?" मी हो म्हणालो.

पडदा जवळ जाऊन पाहिला. कागदाच्या मध्यापासून सरळ खाली, साधारण ३६ सेंटीमीटरवर, पाच भोके. पाचही माझ्या तळहाताखाली झाकली गेली. मी तळहात पडद्यावर ठेवूनच उभा राहिलो. उस्ताद म्हणाले, "ग्रुप तो बढ़िया है. फोरसाइट किसने छेड़ा?"

बी.कॉम.चा विद्यार्थी होतो. त्रैराशिक तिथेच मांडले. या रायफलीच्या दोन साइटींमधले अंतर अर्ध्या मीटरहून थोडे जास्त, साधारण ५५ सेंटीमीटर. टार्गेट १०० मीटरवर. म्हणजे साइट एक मिलिमीटर हलली की गोळी जवळजवळ १८ सेंटीमीटर सरकते. ३६ सेंटीमीटर खाली, म्हणजे दोन मिलिमीटर. पुढच्या साइटीचा नियम उलटा आहे. गोळ्या खाली जात असतील तर पुढची साइट आणखी खाली घ्यायची, मग नळी वर उचलली जाते. मागच्या साइटीचे मात्र सरळ असते, गोळी जिकडे न्यायची तिकडे ती सरकवायची. उस्तादांनी चावी लावून पुढची साइट खाली फिरवली. त्याच रायफलीवर पुढच्या पाच गोळ्या दिल्या. चार कागदावर, एक काठावर.

मला टीममध्ये घेतले. आम्ही काही मोठे पारितोषिक मिळवले नाही. पण १९९८ साली दोष माझा होता की रायफलीचा, हे मला आजही माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. तो पडदा त्याच दिवशी फाडून नवा लावला गेला. या एका गोष्टीचे मला अजून वाईट वाटते. हसण्याचे तितके नाही.

पुढे मी कारकून झालो आणि वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले. एका वर्षी २३ अर्ज परत आले. कार्यालयातला माणूस म्हणाला, तुमच्या पोरांना अर्जच भरता येत नाहीत. मी सगळे अर्ज सतरंजीवर मांडले आणि कोणता कोणत्या कारणाने परत आला ते पाहू लागलो. २१ अर्ज एकाच रकान्यासाठी परत आलेले. त्या रकान्याची सूचनाच छापताना चुकली होती. उरलेल्या दोघांच्या चुका मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या. त्या दोघांना मी ओरडलो आणि बाकीच्यांसाठी कार्यालयात गेलो.

आमच्या गावात २०११ साली बँक आली, तीही बिनकुलपाची, आणि २०१५ साली पोलीस ठाणे आले. आबा ठाण्यासमोरून जाताना आत डोकावून बघायचे की रायफली साखळीला आहेत का. २०१९ साली ते गेले. त्यांच्या पेटीत एक छोटी वही निघाली. पानापानावर नुसते बट नंबर आणि प्रत्येकापुढे एक-दोन शब्द. 'डावीकडे', 'पहिली गोळी वर', 'खटका ढिला', 'चांगली'. माणसांची नावे एकही नाही. रायफलींना त्यांनी कधी खराब असे लिहिले नव्हते. काय होते आहे, तेवढेच लिहिले होते.

माझी मुलगी आता अकरावीला आहे. यंदा एन.सी.सी.च्या शिबिरात तिने पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल चालवली. ती एकेक गोळी हाताने भरायची साधी रायफल, एस.एल.आर. नव्हे. रात्री उशिरा बसने आली. मी आडवी फळी काढून तिला आत घेतले. तिचे तोंड उतरलेले दिसत होते, म्हणून आईने आतून विचारले, "काय झालं गं?"

"कागदावर एकच लागली, आजी," ती म्हणाली. आणि मग माझ्यासमोर डावा तळहात उघडून धरला. त्यावर पेनाने रायफलीचा नंबर लिहिला होता आणि खाली पाच ठिपके काढले होते, चार अगदी जवळजवळ आणि एक बाजूला. "ही चार बघा पप्पा. आणि ही पाचवी मी अंग चोरलं तेव्हाची."